मुलाला त्याच्या माणसांत ठेवणे : युद्ध, हवामान-आपत्ती आणि विस्थापनात मुलांचे संरक्षण कसे करावे

युद्धाने, पुराने किंवा दुष्काळाने घराबाहेर काढलेल्या लोकांच्या वस्तीत मदतीला येणारा नवखा स्वयंसेवक बहुधा पहिल्याच दिवशी एक चूक करतो. गर्दीत रडत उभे असलेले मूल त्याला दिसते, त्याचा जीव कळवळतो आणि तो मुलाला उचलून संस्थेच्या तंबूत आणून बसवतो. हेतू स्वच्छ असतो. पण मुलाची आई त्या वेळी पाण्याच्या रांगेत असते आणि ती परतते तेव्हा, जिथे थांबायला सांगितले होते तिथे मूल नसते. ज्या मुलाची ताटातूट झालेलीच नव्हती, त्याची ताटातूट मदत करणाऱ्याच्या हातून होते.

मदत छावणीतले स्वयंसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका, छोट्या संस्थांचे कार्यकर्ते आणि स्वतः विस्थापित झालेले पालक यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना एकाच विचारातून निघते. ओळखीची माणसे हेच मुलाचे पहिले संरक्षण असते आणि अन्न, औषध, शाळा, खेळ, समुपदेशन हे सारे शक्य तितके त्या माणसांच्या हातून किंवा त्यांच्या सोबतीने मुलापर्यंत पोहोचवायचे असते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या सप्टेंबरात, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनने शहरांतली लाखो मुले खेड्यांत परक्या कुटुंबांकडे पाठवली होती. त्या युद्धाच्या काळात लंडनमध्ये लहान मुलांसाठी शिशुगृहे चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना असे आढळले की, बॉम्बवर्षावातही आईजवळ राहिलेली मुले बरीच सावरलेली असत, तर सुरक्षित जागी, पण आईपासून दूर गेलेली मुले अधिक खचत. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या नवव्या कलमात, मुलाला त्याच्या हितासाठी आवश्यक असल्याखेरीज आईवडिलांपासून तोडू नये, असे स्पष्ट लिहिले गेले.

प्रश्न किती मोठा आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. जगातल्या सक्तीने विस्थापित झालेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के मुले आहेत, म्हणजे एकूण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून बरीच जास्त. युनिसेफने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत हवामानाशी निगडित आपत्तींमुळे मुलांची ४ कोटी ३१ लाख विस्थापने झाली आणि त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पूर आणि वादळांमुळे झाली. पूर आणि वादळ यांची चाहूल बहुधा आधी लागते, म्हणून तयारीपासूनच सुरुवात करणे योग्य.

निघावे लागण्यापूर्वी

ताटातूट पुष्कळदा निघण्याच्या धांदलीत होते. बोटीत जागा कमी असते, वाहने दोन असतात, कुणीतरी म्हणते की मुलांना पुढे पाठवा, आम्ही मागून येतो. मुलांना पुढे पाठवणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा. पाठवावेच लागले तर भावंडांना एकत्र ठेवावे, सोबत ओळखीचे मोठे माणूस द्यावे, आणि कोण, कुणाबरोबर, कोणत्या वाहनाने, कुठे जात आहे याच्या दोन चिठ्ठ्या कराव्यात : एक मुलाजवळ, एक पालकांजवळ.

अगदी लहान मुलाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला त्याचे नाव, पालकांचे नाव आणि संपर्क क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावा. आतल्या बाजूला लिहिण्याचे कारण सरळ आहे : छातीवर लटकवलेले नाव कोणताही परका माणूस वाचू शकतो आणि त्याच नावाने हाक मारून मुलाचा विश्वास मिळवू शकतो. ज्या संघर्षात आडनावावरून किंवा धर्मावरून माणसे मारली जातात, तिथे नाव लिहिणेही धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी फक्त क्रमांक लिहावा. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला आईवडिलांचे पूर्ण नाव आणि एक दूरध्वनी क्रमांक पाठ करवावा. क्रमांक चालीवर म्हणायला शिकवला तर पाठ होतो आणि घाबरलेल्या अवस्थेतही ओठांवर येतो.

जन्मदाखला, लसीकरणाचे पत्रक आणि शाळेचा दाखला जलरोधक पिशवीत ठेवावा, आणि त्यांची छायाचित्रे घरातल्या दोन फोनांत तरी असावीत. जन्मदाखला नसलेल्या मुलाचे वय सिद्ध करता येत नाही, आणि वय सिद्ध झाले नाही की सैन्यभरती, मजुरी आणि लग्न या तिन्ही गोष्टींपासून त्याला वाचवणे अवघड होते.

एकटे दिसलेले मूल

पहिली गोष्ट म्हणजे जागा सोडू नये. आग, पाण्याचा लोंढा, गोळीबार असा तात्काळ धोका नसेल तर मुलाजवळ तिथेच खाली बसावे, म्हणजे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. आपले नाव आणि काम सांगावे आणि आजूबाजूच्या लोकांना विचारावे. पुष्कळदा वीस पावलांवर आजी सापडते. शक्यतो दुसरा एखादा कार्यकर्ता, विशेषतः स्त्री कार्यकर्ती, सोबत असावी, कारण एकट्या परक्या माणसाने मुलाला घेऊन बसणे हे पाहणाऱ्यालाही संशयास्पद वाटते आणि तसे वाटणे योग्यच आहे.

ध्वनिक्षेपकावरून मुलाचे नाव, कपड्यांचा रंग आणि वर्णन जाहीर करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बंद करावी. मूल पळवू पाहणाऱ्याला हवी असलेली सगळी माहिती आपण फुकट वाटत असतो. घोषणा एवढीच करावी की, ज्यांचे मूल सापडत नसेल त्यांनी अमुक ठिकाणी यावे. वर्णन त्यांनी करायचे आणि आपण ते नोंदीशी पडताळायचे.

कुणी सापडले नाही तर नोंद करावी. इथे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. काही मुले आईवडिलांपासून दुरावलेली असतात, पण मावशी, काका किंवा थोरला भाऊ सोबत असतो. काहींच्या सोबत जबाबदार असे कुणीच नसते. पहिल्या प्रकारच्या मुलाला त्या नातलगापासून हलवू नये. आधार लागेल तो त्या नातलगाला द्यावा. दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे प्रकरण त्याच दिवशी बालसंरक्षणाची अधिकृत जबाबदारी असलेल्या यंत्रणेकडे गेले पाहिजे. रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंट चळवळीचे कुटुंब-शोधाचे काम देशांच्या सीमा ओलांडून चालते, त्यामुळे तिकडेही नोंद द्यावी.

नोंद घेताना प्रश्न कसे विचारले जातात यावर बरेच काही अवलंबून असते. समजा, समोर पाच वर्षांचा मुलगा आहे. 'आडनाव काय?' या प्रश्नावर तो गप्प बसतो. 'आईचे नाव काय?' या प्रश्नाचे उत्तर येते, 'आई.' 'घर कुठे आहे?' 'तिकडे.' छापील अर्जातले तीनही रकाने रिकामे राहतात आणि नोंद घेणारा 'माहिती देऊ शकत नाही' असे लिहून मोकळा होतो. त्याच मुलाला जरा वेगळे विचारून पाहावे. आजी आईला काय म्हणून हाक मारते? शेजारचे काका बाबांना काय म्हणतात? घरातून शाळेत जाताना वाटेत काय काय लागते? घरी कोणते जनावर होते का? आता तो सांगू लागतो : पूल लागतो, पुलाखाली म्हातारा बसतो, त्याचे दुकान आहे, घरी कुत्रा होता, त्याचा एक कान दुमडलेला होता आणि त्याचे नाव वाघ्या. हे सारे मुलाच्याच शब्दांत जसेच्या तसे लिहावे. 'वाघ्या' हा शब्द अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, पण दोन महिन्यांनी एखादा माणूस 'हा माझा मुलगा' म्हणून आला की, घरातल्या कुत्र्याचे नाव हा त्याला विचारण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न ठरतो.

सापडल्याची जागा आणि वेळ, मुलाला कुणी आणले, ते कोणती भाषा आणि कोणत्या वळणाने बोलते, अंगावरच्या खुणा, दागिना, दोरा, आणि अंगावरचे कपडे या गोष्टींचीही नोंद हवी. मदतीचे नवे कपडे चढवण्याआधी मुलाचे जुन्या कपड्यांतच छायाचित्र घ्यावे आणि ते कपडे धुऊन, नाव घालून जपून ठेवावेत. वर्षभराच्या बाळाला स्वतःबद्दल काहीच सांगता येत नाही. त्याच्यासाठी आईच्या हाताची शिवण असलेले झबले हाच पुरावा असतो. रवांडातील १९९४ च्या नरसंहारानंतर आपली नावेगावे सांगू न शकणाऱ्या हजारो लहान मुलांची छायाचित्रे काढून ती छावण्यांतून दाखवली गेली आणि त्यावरून नातलगांचा शोध घेण्यात आला. अशी छायाचित्रे मात्र प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या देखरेखीखालीच दाखवावीत. समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

मुलाला खोटी आशा लावू नये. 'आई उद्या येईल' हे वाक्य तोंडातून सहज निघते, पण उद्या आई आली नाही तर मुलाचा सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो. 'आम्ही आईला शोधतो आहोत, आणि आज रात्री तू इथे या ताईंजवळ झोपणार आहेस' हे खरे असते, आणि मुलाला तेवढे पुरते.

तात्पुरता सांभाळ

पालक सापडेपर्यंत मूल कुणाकडे ठेवायचे, याचा क्रम ठरलेला असावा : आधी नातलग, मग त्याच वस्तीतले, तीच भाषा बोलणारे ओळखीचे कुटुंब, मग पारखून निवडलेले दुसरे कुटुंब, आणि यांतले काहीच शक्य नसेल तर लहान निवासी व्यवस्था. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांमागेही कुटुंबाला प्राधान्य हाच विचार आहे. नवे अनाथालय उघडण्याचा मोह टाळावा. अनाथालयासाठी देणग्या चटकन मिळतात हे खरे, पण जेवण आणि शाळा तिथे मिळते असे कळले की हलाखीतले पालक आपली मुले आणून सोडतात, आणि ताटातूट थांबवायला निघालेली संस्था ताटातुटीचे कारण बनते. तोच पैसा कुटुंबांना दिला तर मुले घरी राहतात.

आणीबाणीच्या काळात दत्तक देण्याचा विषय काढूच नये. जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर हैतीतून ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेऊ पाहणाऱ्या परदेशी धार्मिक गटाला अडवण्यात आले; चौकशीत निघाले की त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील किंवा जवळचे नातलग हयात होते. त्या पालकांनी मुलांच्या भल्याच्या आशेने आपणहून त्यांना सोपवले होते. संकटात सापडलेल्या आईची अशी संमती ही संमती मानता येत नाही. शोधाचे सगळे प्रयत्न संपल्याशिवाय कुठल्याही मुलाला अनाथ म्हणू नये, नोंदवहीत तर मुळीच नाही.

सांभाळ करणाऱ्या कुटुंबाला भेट देताना मुलाशी एकट्याने, पण इतरांच्या नजरेसमोर बोलावे. मुलाला घरातल्या मुलांइतकेच वाढले जाते का, ते शाळेत जाते का, पाणी भरण्याचे आणि धुण्याभांड्यांचे काम त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते का, हे पाहावे. सांभाळ आणि बिनपगारी घरकाम यांतली रेषा फार पुसट असते.

वस्तीची मांडणी

मुलांचे संरक्षण हा तंबू, नळ आणि शौचालय यांचाही प्रश्न आहे, हे अभियंत्यांना पटवावे लागते. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांप्रमाणे माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा आणि सामायिक शौचालये असतील तर २० माणसांमागे एक शौचालय, तेही राहत्या जागेपासून ५० मीटरांच्या आत, असे प्रमाण धरले जाते. हे आकडे आरोग्यासाठी म्हणून वाचले जातात, पण त्यांचा सुरक्षिततेशी तितकाच संबंध आहे. शौचालय लांब आणि अंधारात असेल तर मुली संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळतात आणि पहाटेची वाट पाहतात. म्हणून शौचालयाला आतून कडी, वाटेवर दिवा आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र रांग या गोष्टी पहिल्या आठवड्यातच झाल्या पाहिजेत.

कुठे भीती वाटते हे मुलांनाच विचारावे. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींचे वेगवेगळे गट करून त्यांना जमिनीवर खडूने वस्तीचा नकाशा काढायला सांगावे आणि जिथे जायला नको वाटते तिथे खडा ठेवायला सांगावे. मोठ्यांच्या बैठकीत कधीच न निघालेली जागा, एखाद्या गोदामामागची बोळ किंवा सरपण आणायची वाट, तासाभरात समजते. नंतर त्या जागेचे काय केले, हे मुलांना परत येऊन सांगावे.

मन आणि खेळ

संकटातून आलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, अंगठा चोखते, आईचा पदर सोडत नाही, एकटे झोपत नाही, खेळात पूर किंवा गोळीबार पुन्हा पुन्हा करून पाहते. यांतले बहुतेक वागणे हे असामान्य प्रसंगाला मनाने दिलेले सामान्य उत्तर असते आणि सुरक्षितता व दिनक्रम परत आला की ते ओसरते. पालकांना हे वेळीच सांगितले तर ओल्या अंथरुणासाठी बसणारा मार टळतो. काही आठवडे उलटूनही मूल बोलत नसेल, खात नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाच्या गोष्टी करत असेल, तर मात्र त्याला प्रशिक्षित व्यक्तीकडे नेणे आवश्यक आहे.

मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पद्धत तीन कृतींत सांगितली जाते : पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. मुलाला 'काय घडले ते सांग' असा आग्रह धरणे या पद्धतीत कुठेही बसत नाही. प्रसंग घडल्यावर लगेच एका बैठकीत सगळे बोलून घेण्याचा प्रयत्न करू नये. त्याने मन हलके होत नाही आणि त्रास वाढू शकतो. पाहुणे आले की मुलांना आपत्तीची चित्रे काढायला बसवण्याची हौसही याच जातीची. मुलाला फूल काढायचे असेल तर त्याने फूल काढावे.

खेळाची जागा उभारताना महागड्या खेळण्यांपेक्षा रोजची ठरलेली वेळ, तीच दोन-तीन माणसे आणि मुले मोजता येतील एवढीच संख्या यांना महत्त्व द्यावे. आत येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद व्हावी, आणि मूल न्यायला कोण येणार हे आधीच ठरलेले असावे. पालकांनाही बसता येईल असा एक कोपरा ठेवावा. तिथे दिलेला तासभराचा विसावा संध्याकाळी मुलांच्या उपयोगी पडतो. अपंग मुले या जागेपर्यंत आपणहून पोहोचत नाहीत, आणि मग ती वस्तीत नाहीतच असा समज होतो. त्यांना तंबूतंबूत जाऊन शोधावे लागते.

आजार आणि उपासमार

छावणीत सर्वांत झपाट्याने पसरणाऱ्या आणि मुलांचा बळी घेणाऱ्या आजारांत गोवर वरच्या क्रमांकावर आहे, त्यामुळे ६ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना गोवराची लस देणे हे पहिल्या कामांपैकी एक असते. नऊ महिन्यांच्या आत लस मिळालेल्या बाळाला नंतर पुन्हा लस द्यावी लागते, म्हणून पत्रक जपून ठेवायला सांगावे. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी आणि १० ते १४ दिवस झिंक द्यावे : सहा महिन्यांखालच्या बाळाला दररोज १० मिलिग्रॅम, त्यापुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरांहून कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण समजून त्याच दिवशी उपचार केंद्रात पाठवावे. दंड मोजण्याची पट्टी आयांनाही वापरता येते, आणि त्यांनी ती वापरावी.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे मदत म्हणून स्वीकारू नयेत आणि सरसकट वाटू नयेत. अस्वच्छ पाण्यात कालवलेले दूध बाळाला जुलाब लावते आणि डबा मिळाला की अंगावर पाजणे कमी होते. धक्क्याने दूध आटले अशी आयांची समजूत असते. प्रत्यक्षात दूध उतरायला वेळ लागतो, पण वारंवार पाजत राहिल्यास ते येते, त्यासाठी आईला आडोसा, पाणी आणि धीर द्यावा. ज्या बाळाला आईच नाही किंवा अंगावर पाजणे खरोखर शक्य नाही, त्याच्यापुरती पावडरीची व्यवस्था आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली करावी.

शस्त्रांच्या सावलीत

संयुक्त राष्ट्रे सशस्त्र संघर्षातील मुलांवरचे सहा गंभीर अत्याचार नोंदवतात : ठार मारणे किंवा जायबंदी करणे, सैन्यात किंवा टोळीत भरती करणे, लैंगिक हिंसा, अपहरण, शाळा व रुग्णालयांवर हल्ले, आणि मदत पोहोचू न देणे. सुरक्षा परिषदेच्या २००५ च्या १६१२ क्रमांकाच्या ठरावाने या नोंदीची यंत्रणा उभी राहिली. सामान्य स्वयंसेवकाने स्वतः तपास करायला जाऊ नये; त्यात मूल आणि स्वयंसेवक दोघांचाही जीव धोक्यात येतो. जे कानावर आले ते प्रशिक्षित, अधिकृत व्यक्तीपर्यंत गुप्तपणे पोहोचवावे.

सशस्त्र गटातून परतलेल्या मुलाला, मग ते बंदूक धरणारे असो, स्वयंपाक करणारे असो किंवा निरोप्या असो, २००७ ची पॅरिस तत्त्वे, म्हणजे अशा मुलांबाबतची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे, मुख्यतः पीडित मानतात. त्याला वस्तीत वेगळे काढून 'माजी सैनिक' म्हणून सवलती देऊ नयेत. तसे केल्याने इतर मुलांचा रोष ओढवतो आणि शिक्काही पुसला जात नाही. सुतारकाम, शिवणकाम किंवा शाळा यांचा लाभ वस्तीतल्या सर्वच गरजू मुलांना द्यावा आणि हे मूल त्यांतले एक असावे. मुली अशा गटांतून गुपचूप परततात आणि यादीत येत नाहीत, हे लक्षात ठेवून त्यांच्यासाठी शस्त्र जमा करण्याची अट नसलेली वाट मोकळी असावी.

भूसुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा यांबद्दल मुलांना तीनच गोष्टी पाठ करवाव्यात : जवळ जायचे नाही, हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचे. वस्तू खेळण्यासारखी दिसते किंवा भंगारात विकून पैसे मिळतात, म्हणून मुले ती उचलतात, त्यामुळे हा धडा भंगार गोळा करणाऱ्या आणि गुरे चारणाऱ्या, शाळेत न येणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचला तरच उपयोगाचा.

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाने सांगितले तर ऐकावे, विश्वास ठेवावा, 'तुझी चूक नाही' हे स्पष्ट म्हणावे आणि तपशील विचारू नयेत. वैद्यकीय मदतीला वेळेची मर्यादा असते : एचआयव्हीपासून बचावाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याचे उपचार १२० तासांपर्यंतच उपयोगी पडतात. त्यामुळे कोणत्या दवाखान्यात हे मिळते याची माहिती प्रसंग घडण्याआधीच प्रत्येक कार्यकर्त्याला असली पाहिजे.

हळूहळू येणारे संकट

दुष्काळ, खारावत जाणारी जमीन आणि दर वर्षी वाढणारा उन्हाळा यांत एका रात्रीत पळून जावे लागत नाही, म्हणून मुलांचे हाल नजरेआड राहतात. कुटुंब आधी थोडे खाते, मग जनावर विकते, मग थोरल्या मुलाला कामावर पाठवते, मग मुलीचे लग्न लवकर लावते, आणि शेवटी बाप किंवा सगळेच घर सोडतात. यांतल्या प्रत्येक पायरीवर मूल आपल्या माणसांपासून थोडे थोडे तुटत जाते. इथे पहारा शिक्षकाने ठेवायचा असतो. सलग तीन-चार दिवसांची गैरहजेरी, वर्गात पेंगणे, हातावरचे फोड, 'ताई आता येणार नाही' असे धाकट्या भावाने सहज बोलणे, या खुणा पंचनाम्याच्या कितीतरी आधी दिसतात. अशा वेळी उपदेशापेक्षा योग्य वेळी मिळालेला रोख पैसा, चारा आणि शाळेतले जेवण अधिक कामी येते. हंगाम हातचा गेल्यावर मिळालेली मदत लग्न थांबवू शकत नाही.

शाळेच्या इमारतीत निवारा उघडताना ती परत केव्हा मोकळी करायची याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून लिहून घ्यावी, आणि तोपर्यंत झाडाखाली का होईना, वर्ग चालू ठेवावा. कडक उन्हाळ्यात शाळेची वेळ सकाळची करावी आणि दुपारी पत्र्याखाली मुलांना बसवू नये. तान्ह्या बाळाला घाम येऊन अंग गार ठेवण्याची क्षमता कमी असते. ते सुस्त पडले, दूध ओढेनासे झाले आणि लघवी कमी झाली की वाट पाहू नये.

आपली माणसे

मदतीच्या वस्तीत मुलांना धोका कधीकधी मदत करणाऱ्यांकडूनच असतो. हे लिहिताना अवघड वाटते, पण २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमधून असे आरोप पुढे आल्यावरच मदत संस्थांना सामायिक आचारनियम करावे लागले. त्यांनुसार, स्थानिक कायद्यात संमतीचे वय काहीही असो, १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध वर्ज्य आहेत आणि वयाबद्दल गैरसमज झाला ही सबब चालत नाही. कितीही घाई असली तरी स्वयंसेवकाची ओळख आणि पूर्वेतिहास तपासल्याखेरीज त्याला मुलांत सोडू नये. तक्रार कुठे करायची हे मुलांना माहीत असावे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात तक्रारपेटीची किल्ली नसावी.

छायाचित्राबद्दलचा नियम सोपा आहे : ज्या चित्रावरून मूल, त्याची राहण्याची जागा आणि त्याच्यावर ओढवलेला प्रसंग या तीन गोष्टी एकत्र कळतात, ते चित्र बाहेर जाऊ नये. पालकांची परवानगी घेतली, हे पुरेसे कारण नाही. ज्याच्या हातून धान्य मिळते, त्याला नाही म्हणणे पालकांना अवघड असते.

पुनर्भेट

शोध लागला की घाई होते आणि पळवापळवीही इथेच होते. दावा करणाऱ्या व्यक्तीला मुलाची नोंद किंवा छायाचित्र न दाखवता तिच्याकडून वर्णन घ्यावे, ते नोंदीशी ताडून पाहावे, आणि मुलालाही स्वतंत्रपणे विचारावे. कुत्र्याचे नाव इथे उपयोगी पडते. मग दोघांना भेटवावे, पण त्या भेटीत मुलाने धावत जाऊन मिठी मारली नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये. अगदी लहान मूल काही महिन्यांत आईचा चेहरा विसरू शकते आणि मोठे मूल कधी कधी रागावलेले असते. ज्या कुटुंबाने इतके दिवस सांभाळले त्याचा निरोप मुलाला नीट घेऊ द्यावा. ही त्याची दुसरी ताटातूट असते.

नोंदवहीत सोपवल्याची तारीख, घेणाऱ्याची सही, साक्षीदार आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे लिहावे, पण प्रकरण त्या दिवशी बंद करू नये. पहिली भेट काही दिवसांत, दुसरी महिन्याने आणि तिसरी तीन महिन्यांनी, अशा किमान तीन भेटी ठरवाव्यात. तिसऱ्या भेटीत मूल दाराशी उभे राहून नुसते हसले आणि खेळायला पळाले, तर शेरा तेवढाच लिहावा आणि खाली तारीख घालावी.